गाळ काढणाऱ्या यंत्रांच्या गाळण्या : निवड व निगा

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

तुरी-हरभऱ्याचीं खळीं आटोपलीं आणि तलावांतील पाणी तळास गेलें, म्हणजे आपल्या नांदेड-लातूर भागांत गाळ काढण्याचें काम सुरू होतें. मृगाचा पाऊस पडला कीं तें बंद होतें. हातीं दिवस थोडे, गाळ पुष्कळ, आणि काम करणारें यंत्र बहुधा एकच, अशी गांवोगांवची स्थिति असते. या मोसमांत यंत्र आठवडाभर बंद पडलें तर त्या आठवड्याची भरपाई पुढें कोणत्याही उपायानें होत नाहीं. म्हणून यंत्र बंद पाडणाऱ्या एका अगदीं लहान कारणाविषयीं चार शब्द आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावे, असें योजिलें आहे. तें कारण म्हणजे यंत्राची गाळणी, जिला आपण सर्वजण फिल्टर म्हणतों.

आपल्याकडील पुष्कळ पाझर तलाव इ.स. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतरच्या वर्षांत दुष्काळी कामांवर आणि रोजगार हमीच्या कामांवर लोकांनीं कुदळ-फावड्यानें व डोक्यावरील टोपल्यांनीं बांधले. त्यांत आतां गाळ सांचला आहे. इ.स. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें व एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, ही गोष्ट कोणी विसरलेलें नाहीं. त्याच उन्हाळ्यांत लातूरकरांनीं लोकवर्गणी करून मांजरा नदीचें पात्र यंत्रांनीं खोल केलें. पुढें इ.स. २०१७ सालीं सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, आणि तलावांतील गाळ उचलून रानांत नेण्याचा प्रघात वाढला. जेसीबी व पोकलेन हीं वास्तविक एका इंग्रज व एका फ्रेंच कंपनीचीं नांवें. परंतु तीं आतां आपल्या बोलींत नांगर-वखरासारखीं रुळलीं आहेत. यंत्र आलें खरें, पण यंत्राची निगा त्याच्याबरोबर आली असें म्हणवत नाहीं.

मी यंत्रविद्या जाणणारा नव्हें. माझें आयुष्य तहसील कचेरींत नोंदी ठेवण्यांत गेलें. मग फिल्टरासंबंधीं मीं कां लिहावें? याचें उत्तर असें कीं, आमच्या गांवच्या यंत्राचें इंजिन जें गेलें, तें प्रथम हिशेबाच्या वहींत गेलें. आणि ती वही माझ्याकडे होती.

घडलेली हकीकत

आमच्या गांवच्या शेतकरी मंडळींनीं बँकेचें कर्ज काढून एक जुनें जेसीबी यंत्र घेतलें. मी नुकताच निवृत्त होऊन घरीं आलों होतों, म्हणून हिशेब मजकडे सोंपविण्यांत आला. कचेरींतील संवय अशी कीं, खर्चाची पावती पुढें आली म्हणजे आधीं दर पाहावयाचा. एअर फिल्टर बदलण्याची वेळ आली तेव्हां अस्सल मालाचा दर मला भारी वाटला. बाजाराच्या गांवीं एका दुकानीं तसाच दिसणारा फिल्टर निम्म्याहून कमी दरानें मिळत होता. तोच आणविला, आणि वहींत ‘दरांत बचत’ असा शेरा मीं मोठ्या समाधानानें लिहिला.

यंत्र चालविणारा ऑपरेटर शेजारच्या तांड्यावरील तरुण होता. फिल्टर बसवून तो मला म्हणाला, “भाऊसाहेब, बसायला बसतो हा, पण आवळून बसत नाही. कडेनं ढिला राहतोय.” मीं म्हणालों, “एवढा उन्हाळा निघूं दे, मग पाहूं.” त्या उन्हाळ्यांत असे तीन फिल्टर आले व तिन्ही वेळां मीं बचत लिहिली.

मे महिन्याच्या मध्यास यंत्राचा जोर कमी झाला. धुराड्यांतून निळसर धूर येऊं लागला, इंजिनांतील तेल रोज कमी भरूं लागलें. मिस्त्रीनें इंजिन खोललें तेव्हां फिल्टराच्या पलीकडील नळींत, जेथें शुद्ध हवा असावयाची तेथें, धुळीचा थर बसलेला होता. सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे होते व रिंगा झिजून गेल्या होत्या. दुरुस्तीचा अंदाज लाखाच्या वर गेला. इंजिन जुळून येईपर्यंत मृग बरसला, आणि तलावाचा निम्मा गाळ पाण्याखालीं गेला.

गाळाच्या यादींत ज्यांचीं नांवें शेवटीं होतीं त्यांच्या रानांत त्या वर्षीं एक खेपही पडली नाहीं. हे बहुतेक दीड-दोन एकर मुरमाड जमिनीचे धनी. त्यांत एका विधवा बाईनें गाळ वाहण्यासाठीं ट्रॅक्टरचें भाडें उसनवारीनें उभें केलें होतें. बँकेचा हप्ता मात्र कोणासाठीं थांबला नाहीं.

सभा भरली. ऑपरेटरनें फिल्टर साफ केला नाहीं, त्यानें यंत्र घालविलें, असें सर्वांचें मत पडलें. त्याचा महिन्याचा पगार अडकवून ठेवण्यांत आला व तो कांहीं न बोलतां तांड्यावर निघून गेला. मीही त्या वेळीं गप्प बसलों.

त्या रात्रीं मीं रोजकामाचे कागद काढून बसलों. ऑपरेटरनें आपल्या मोडक्या अक्षरांत शेऱ्याच्या रकान्यांत तीन वेळां ‘फिल्टर ढिला’ असें लिहिलेलें होतें, आणि तिन्ही ठिकाणीं खालीं माझी सही होती. वाचल्याची सही होती. वाचलें मात्र नव्हतें. दुसऱ्या सभेंत ते कागद मीं सर्वांपुढें ठेविले. पगार दिला गेला. तो पोंचविण्यास मी स्वतः तांड्यावर गेलों. तेथें काय बोललों तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

त्यानंतर यंत्राची पुस्तिका वाचून व जाणत्या मिस्त्रींस विचारून जें समजलें, तें आतां क्रमानें देतों.

१. हवेची गाळणी

एक लिटर डिझेल पूर्ण जळावयास कमींत कमी दहा हजार लिटर हवा लागते; प्रत्यक्षांत इंजिन याहूनही अधिक हवा ओढतें. जेसीबीसारखें यंत्र तासास पांच लिटर डिझेल खातें असें धरलें, तर दहा तासांच्या दिवसांत किमान पांच लाख लिटर हवा त्याच्या पोटांत जाते. लातुरास आलेल्या पहिल्या पाण्याच्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटरच पाणी आणिलें होतें. म्हणजे त्या आगगाडीभर हवा आपलें यंत्र रोज ओढतें, आणि तीही टिप्परांनीं उडविलेल्या धुळीच्या लोटांतून. या हवेंतील धूळ इंजिनांत गेली तर ती तेलांत कालवून सहाणेवरच्या लेपासारखी होते व प्रत्येक फेऱ्यास लोखंड घांसत राहते. मुरमाची धूळ कठीण असतेच. देगलूर-बिलोलीकडे, जेथें काळ्या दगडाऐवजीं ग्रॅनाइटी खडक आहे, तेथील धुळींत गारगोटीचे कण असल्यामुळें ती अधिकच घातक होते.

या यंत्रांत बहुधा दोन गाळण्या एकींत एक बसविलेल्या असतात. बाहेरची धूळ अडविते. आंतील केवळ राखण करते. बाहेरची फाटली अथवा ढिली पडली तर इंजिन वांचावें एवढ्यासाठींच ती असते. म्हणून आंतील गाळणी झाडून किंवा हवा मारून पुन्हां कधींही बसवूं नये. बाहेरची तीन वेळां बदलली कीं आंतील एकदां बदलावी, असा सामान्य नियम आहे. आणि आंतील गाळणीवर धूळ दिसली तर बाहेरचीमध्यें दोष आहे असें निश्चित समजावें. आमच्या यंत्रांत ही आंतील गाळणी पूर्वींच कोणी काढून टाकलेली होती, हें इंजिन खोलल्यावर कळलें.

बाहेरची गाळणी टायरवर आपटून झाडण्याची चाल सर्वत्र आहे. ती सोडावी. आपटल्यानें कागदाच्या घड्या उकलतात, डिंक सुटतो आणि पत्र्याचें टोपण वांकून कडें नीट बसेनासें होतें. पंक्चरच्या दुकानांतील जोराची हवा मारल्यानें कागदास डोळ्यांना न दिसणारीं छिद्रें पडतात. पुस्तिकेंत साफ करण्याची परवानगी असेल तरच, दोन बारहून कमी दाबाची कोरडी हवा आंतून बाहेर या दिशेनें मारावी. नंतर अंधाऱ्या खोलींत आंत दिवा धरून पाहावें. कोठें उजेडाचा ठिपका दिसला तर ती गाळणी टाकून द्यावी.

कित्येकजण अति काळजीनें रोज गाळणी उघडतात. हेंही चूकच. प्रत्येक वेळीं उघडतांना थोडी धूळ आंत सांडते, आणि थोडी मळलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षां अधिक बारीक धूळ अडविते. यंत्रावर हवेची ओढ दाखविणारी खूण अथवा दिवा असतो. तो लाल झाला कीं बदलावी. परंतु पुस्तिकेंतील मुदत आधीं संपली तर लालीची वाट पाहूं नये. रोज करावयाचें काम एवढेंच कीं, डब्याच्या तळाशीं असलेली रबरी चोंच दाबून सांचलेली धूळ पाडावी. जुन्या कांहीं ट्रॅक्टरांस कागदाऐवजीं तेलाची वाटी असते. तिच्यांतील तेल चिखलासारखें होऊं देऊं नये, आणि खुणेच्या वर भरूंही नये.

२. डिझेलची गाळणी

हल्लींच्या इंजिनांत डिझेल फार मोठ्या दाबानें, कित्येकांत दीड हजार बारच्याही वर, केसाहून बारीक छिद्रांतून फवारलें जातें. इ.स. २०२१ च्या एप्रिलपासून चाकांच्या बांधकाम-यंत्रांस धुराचे नवे नियम लागू झाल्यानंतर अशीं इंजिनें वाढलीं. माणसाचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचे सत्तर हजारांश. आणि या इंजिनांस चार-पांच मायक्रॉनचा कणही बाधतो. असा कण डोळ्यांस दिसत नाहीं. तेव्हां ‘डिझेल स्वच्छ दिसतें’ या म्हणण्यास कांहीं अर्थ नाहीं.

पाणी हा डिझेलचा दुसरा शत्रु. पहिल्या गाळणीखालीं पाणी सांचण्याची वाटी असते. सकाळीं यंत्र सुरू करण्यापूर्वीं तिची चावी सोडून पाणी काढावें. टाकी संध्याकाळीं भरून ठेवावी. रिकामी ठेवल्यास रात्रीच्या गारव्यानें आंतील हवेंतून पाण्याचे थेंब धरतात. पिंपांतून डिझेल भरणाऱ्यांनीं पिंप हलविल्यानंतर पुरेसा वेळ स्थिर ठेवून, तळाच्या वर नळी धरून तें काढावें. नवी गाळणी बसवितांना ती लवकर भरावी म्हणून तिच्यांत डब्यांतील डिझेल ओतण्याची चाल आहे. तें ओतलेलें डिझेल न गाळतां थेट पंपांत जाऊं शकतें. गाळणी कोरडीच बसवून हातपंपानें भरावी.

३. इंजिनच्या तेलाची गाळणी

ही डब्यासारखी दिसते व आटे जुळले कीं कोणतीही बसते, असा समज आहे. परंतु डब्याच्या आंत दोन झडपा असतात. एक, इंजिन बंद असतां तेल परत उतरूं न देणारी. दुसरी, गाळणी तुंबल्यास तेलास वाट करून देणारी. ही दुसरी किती दाबास उघडावी हें प्रत्येक इंजिनाचें ठरलेलें असतें. ती लवकर उघडली तर मळकें तेल न गाळतां फिरतें. उशिरां उघडली तर बेअरिंगांस तेल मिळत नाहीं. बाहेरून दोन्ही डबे जुळ्या भावांसारखेच दिसतात.

तेल व गाळणी एकाच वेळीं बदलावीं. कित्येक यंत्रांत ही मुदत २५० तासांची, कित्येकांत ५०० तासांची असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतील अंक तोच खरा. बसवितांना रबरी कड्यास बोटानें नवें तेल लावावें, जुनें कडें इंजिनास चिकटून राहिलें नाहीं हें पाहावें, आणि कडें टेंकल्यावर डब्यावर छापिलें असेल तितकेंच हातानें आवळावें. जुनी गाळणी फेंकण्यापूर्वीं कापून तिचा कागद पसरून पाहावा. त्यांत धातूचे चमकते कण दिसले तर इंजिन आपलें दुखणें आधींच सांगत आहे असें समजावें.

४. हायड्रॉलिक तेलाची गाळणी

बादली व भुजा उचलणारें तेल शेंकडों बार दाबानें वाहतें, आणि त्याच्या झडपांतील फट कांहीं मायक्रॉनांचीच असते. तेल ओतण्याचें तोंड धुळींत उघडें ठेवणें, मळक्या डब्यानें तेल भरणें, फुटलेल्या नळीचें तोंड न झांकतां ठेवणें, या तीन संवयींनीं जितके पंप जातात तितके कामाच्या भारानें जात नसावेत. खडक फोडण्याचा ब्रेकर लावल्यास हें तेल अधिक लवकर मळतें. म्हणून ब्रेकरच्या कामावर गाळणीची मुदत पुस्तिकेंत बरीच कमी दिलेली असते. विहिरींच्या कामास यंत्र भाड्यानें देणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

गाळणी निवडण्याची रीत

प्रथम, दुकानदारास जुनी गाळणी दाखवून ‘अशीच द्या’ म्हणूं नये. ती जुनीच चुकीची असूं शकते. यंत्राच्या पाटीवरील मॉडेल व अनुक्रमांक लिहून न्यावा आणि सुट्या भागांच्या यादींतील क्रमांक ताडून घ्यावा.

दुसरें, यंत्र करणाऱ्या कंपनीचीच गाळणी घ्यावी असें नाहीं. गाळण्याच करणाऱ्या नामांकित कारखान्यांचा माल पुष्कळदां तितकाच चांगला असतो. परंतु त्या कारखान्यानें आपल्या मॉडेलसाठीं कोणता क्रमांक सांगितला आहे तें पाहावें, व गाळण्याची शक्ति कशी मोजली आहे तें विचारावें. यासाठीं जागतिक मानकें ठरलेलीं आहेत : हवेच्या गाळणीस आयएसओ ५०११, इंजिन तेलास आयएसओ ४५४८-१२, डिझेलास आयएसओ १९४३८ व हायड्रॉलिक तेलास आयएसओ १६८८९. नुसतें ‘दहा मायक्रॉन’ एवढ्यानें कांहींच कळत नाहीं. दहा मायक्रॉनचे किती कण अडतात हें कळलें पाहिजे. पत्रकांत ‘बीटा २००’ असें असेल तर त्या आकाराचे दोनशें कण आले असतां एकच पुढें जातो, असा त्याचा अर्थ. ‘बीटा २’ असेल तर दोनांतील एक पुढें जातो. दोन्हींवर दहा मायक्रॉनच छापिलेलें असूं शकतें.

तिसरें, माल हातीं घेऊन पाहावा. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत कीं कोठें दाट कोठें विरळ, डिंक सर्वत्र पोंचला आहे कीं नाहीं, रबर मऊ आहे कीं आतांच कडक झालें आहे, छपाईंत अक्षरें पुसट किंवा चुकलेलीं आहेत काय, हें पाहावें. बसवितांना कडें घट्ट न बसेल तर ती गाळणी, कितीही स्वस्त असो, परत करावी. आणि पक्की पावती घ्यावी. पावतीशिवाय माल परत करणें कठीण जातें.

वहींतील सातवा रकाना

आतां माझ्या स्वतःच्या धंद्याची गोष्ट. यंदाच्या उन्हाळ्यापासून आम्हीं रोजकामाची वही नव्यानें आंखली. तारीख, तासांच्या मीटरचा अंक, भरलेलें डिझेल, हवेच्या खुणेची स्थिति, बदललेल्या गाळणीचा क्रमांक व पावती, ऑपरेटरचा शेरा, हे सहा रकाने. सातवा रकाना पूर्वीं नव्हता : शेऱ्यावर काय केलें, कोणीं व कोणत्या दिवशीं. हा रकाना कोरा असेल तर हिशेबनिसानें सही करूं नये, असा ठराव मंडळींनीं केला आहे. ठराव मांडणारा मीच. महसूल खात्यांत तीस वर्षांवर शेरे मारून जें मला उमगलें नव्हतें, तें एका ढिल्या गाळणीनें शिकविलें : शेरा लिहून घेणें म्हणजे दखल घेणें नव्हे.

दर सोमवारीं यंत्र थंड असतांना फिल्टराच्या पलीकडील नळीचें तोंड सोडून ऑपरेटर पांढरें फडकें आंत फिरवितो. फडकें स्वच्छ निघालें तर गाळणी आपलें काम करीत आहे. याला पैसा लागत नाहीं. ऑपरेटर तोच आहे. दोन वेळां निरोप पाठविल्यावर तो आला, आणि आतां फिल्टर आणण्यास तोच दुकानीं जातो; मी फक्त पावती लावतों.

यंदा गाळाची यादी शेवटाकडून लावली. गतवर्षीं राहिलेल्या सर्वांच्या रानांत मृगापूर्वीं गाळ पडला. इंजिनाच्या दुरुस्तीचें देणें अजून फिटावयाचें आहे, आणि तें फिटेपर्यंत ‘दरांत बचत’ हे शब्द त्या वहींत माझ्याच अक्षरांत राहणार आहेत. ते खोडूं नयेत, असें मीं मंडळींस सांगितलें आहे.